एन्चिलाडा मागवताना आधी सॉस विचार

अगं, टेक्ससात राहायला आलीस म्हणजे आज ना उद्या कुणीतरी तुला टेक्स-मेक्स खायला नेणारच. आपल्यासारख्या शाकाहारी बायका डोळे मिटून चीज एन्चिलाडा मागवतात. गुंडाळलेल्या मक्याच्या टॉर्टियात नुसतं चीज आणि कांदा, मग भीती कसली? भीती वरच्या सॉसची.

सॅन अँटोनिओकडची जुनी पद्धत म्हणजे चिली ग्रेव्ही. चरबीत किंवा तेलात मैदा खमंग भाजायचा, त्यात चिली पावडर, जिरं, लसूण, ओरेगानो घालायचं, वर रस्सा ओतून दाट होईपर्यंत ढवळायचं. ताटली समोर आली की जिऱ्याचा असा वास सुटतो की अगदी माहेरी आल्यासारखं वाटतं. पण तो रस्सा बहुधा गोमांसाचा आणि चरबी कित्येकदा डुकराची. त्यामुळे 'व्हेज आहे का' एवढ्यावर थांबू नकोस. 'बीफ ब्रॉथ आहे का, लार्ड आहे का' असं सरळ विचार. त्यात लाजायचं काय?

हिरवा सॉस टोमॅटिलोचा. कागदी टरफलातलं हे आंबट हिरवं फळ मिरची-कोथिंबिरीबरोबर वाटतात. आपल्या जिभेला लगेच रुचतो. सावर क्रीमचा पांढरा सॉस मुलांना आवडतो. मला मिळमिळीत लागतो. दोन्हींत चिकनचा रस्सा असू शकतो, तेही विचारून घे. एल पासोकडे गेलीस तर टॉर्टिया न गुंडाळता थरावर थर रचून, लाल सॉस ओतून, वर तळलेलं अंडं ठेवून देतात.

मेक्सिकन वळणाच्या लाल सॉसात सहसा मैदा नसतो. आंचो, ग्वाहियो या सुक्या मिरच्या तव्यावर जरा शेकायच्या, बिया काढून गरम पाण्यात भिजवायच्या, वाटून, गाळून तेलात परतायच्या. करपू मात्र देऊ नकोस, सगळा सॉस कडू होतो. रंग बेडगीसारखा, तिखटपणा बेताचा.

आणि हो, घरी चिली ग्रेव्ही करशील तेव्हा डब्यातलं आपलं तिखट चिली पावडरच्या मापाने घालू नकोस गं! इथल्या चिली पावडरच्या बाटलीत मिरचीबरोबर जिरं, लसूण, ओरेगानोही असतं. न्यू ब्राउनफेल्सच्या विल्यम गेबहार्ट या जर्मन माणसाने 1890च्या दशकात ती पूड विकायला सुरुवात केली. मक्याचा टॉर्टिया आधी गरम तेलात क्षणभर बुडव, म्हणजे गुंडाळताना तुटत नाही. रश्श्याऐवजी भाज्या उकळलेलं पाणी घाल. चव जराही उणी पडत नाही.