घटक ५ : एक शब्द, अनेक अर्थ – मराठीतील ‘लाइन’

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• अनेकार्थता आणि समरूपता यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• ‘लाइन’ या आदान शब्दाचा मराठीतील अर्थविस्तार कोणत्या तत्त्वांनी झाला, ते सांगता येईल.
• अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ संदर्भाने कसा निश्चित होतो, याचे विवेचन करता येईल.
• आपल्या परिसरातील बोलण्यातून एखाद्या शब्दाचे उपयोग गोळा करून त्यांचे वर्गीकरण करता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण आदान शब्दांचे स्वरूप पाहिले. परभाषेतून आलेला शब्द मराठीत आल्यावर आहे तसाच राहत नाही, हे तेथे सूत्ररूपाने सांगितले होते. प्रस्तुत घटकात त्याच सूत्राची प्रचिती आपण एका अगदी साध्या शब्दाच्या आधारे घेणार आहोत.

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवा जालना वसला आहे. जुना जालन्यातील रेल्वे स्टेशनच्या परिसरात पुढील प्रकारची वाक्ये सहज कानी पडू शकतात.

(१) तिकिटाला लाइन फार मोठी आहे.
(२) लाइन ओलांडून जाऊ नका, पुलावरून जा.
(३) आमच्या गल्लीत सकाळपासून लाइन नाही.
(४) धाकटा मुलगा बियाण्याच्या लाइनमध्ये आहे.
(५) फोन करतोय, पण लाइन लागत नाही.
(६) मामांकडे पाठवला, तेव्हा कुठे तो लाइनीवर आला.

सहाही वाक्यांत शब्द एकच आहे. अर्थ मात्र अनुक्रमे रांग, लोहमार्ग, वीजपुरवठा, व्यवसायक्षेत्र, दूरध्वनीची जोडणी आणि योग्य वर्तन असे सहा आहेत. तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. तो का होत नाही आणि कधी होऊ शकतो, हे दोन प्रश्न या घटकाच्या केंद्रस्थानी आहेत.

आपल्यापैकी अनेकांना शालेय वयात ‘लाइन म्हणू नये, रांग म्हणावे’ असे सांगण्यात आले असेल. लेखनातील औचित्याच्या दृष्टीने त्या सूचनेला स्थान आहे. त्याचा विचार ५.२.५ मध्ये येईल. परंतु भाषेच्या अभ्यासकाचे पहिले काम शब्द बरा की वाईट हे ठरवण्याचे नसून तो कसा चालतो हे पाहण्याचे असते. तुमचे स्वतःचे बोलणे ही या अभ्यासाची पहिली सामग्री आहे, हे लक्षात ठेवावे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ अनेकार्थता आणि समरूपता

एकाच ध्वनिरूपाला अनेक अर्थ असण्याचे दोन प्रकार आहेत. ‘मान’ हा शब्द पाहा. ‘मान दुखते’ यातील स्त्रीलिंगी ‘मान’ शरीराचा अवयव आहे आणि ‘मान मिळाला’ यातील पुल्लिंगी ‘मान’ म्हणजे आदर. या दोन अर्थांत नाते नाही. दोन भिन्न शब्दांचे रूप योगायोगाने सारखे झाले आहे. यास समरूपता म्हणतात. याउलट झाडाचे पान, पुस्तकाचे पान, जेवणाचे पान आणि विड्याचे पान यांत नाते उघड दिसते. येथे शब्द एकच असून त्याचे अर्थ एकमेकांतून निघाले आहेत. यास अनेकार्थता म्हणतात. फ्रेंच भाषाभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात या घटनेला ‘पॉलिसेमी’ ही संज्ञा दिली.

‘लाइन’चे अर्थ एकमेकांशी जोडलेले आहेत का, हे पाहिल्यावरच त्याला अनेकार्थी म्हणता येईल. त्यासाठी त्याच्या मुळाकडे जाऊ.

५.२.२ मूळ अर्थ आणि मराठीत प्रवेश

इंग्रजी ‘लाइन’चे मूळ लॅटिन ‘लिनेआ’ या शब्दात आहे. ‘लिनुम’ म्हणजे जवस (अंबाडीप्रमाणे याच्या खोडापासूनही धागा निघतो) आणि ‘लिनेआ’ म्हणजे त्या धाग्याची दोरी. ताणलेली दोरी सरळ असते, म्हणून दोरीचा अर्थ सरळ रेषेकडे सरकला. आजही भिंत उभारताना गवंडी दोरी ताणूनच ‘लाइन धरतो’, तेव्हा तो नकळत शब्दाच्या मूळ अर्थापाशी उभा असतो.

मराठीतील ‘सूत’ या शब्दाचा प्रवास याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. ‘सूत’ म्हणजे धागा. मोजमापासाठी सूत धरणारा तो सूत्रधार, आणि त्यावरून ‘सुतार’. ‘घरे एका सुतात बांधली आहेत’ म्हणजे एका सरळ रेषेत. दोन माणसांचे ‘सूत जमते’ तेव्हा धागा मनोमीलनाचा अर्थ देतो. दूरच्या दोन भाषांनी धाग्यापासून सरळपणाकडे जाणारी एकच वाट स्वतंत्रपणे शोधली, कारण दोन्हीकडच्या कारागिरांचा अनुभव सारखाच होता.

जालना परिसरात हा शब्द येण्याच्या वाटा अनेक होत्या. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. सैन्याच्या राहुट्या आणि घरे रांगेत असत, म्हणून त्या वस्तीलाच इंग्रजीत ‘लाइन्स’ म्हणत. आजचे ‘पोलीस लाइन’ हे नाव त्याच परंपरेतील आहे. १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग झाला आणि रेल्वेची ‘लाइन’ आली. पुढे तारायंत्र, वीज, नळ आणि दूरध्वनी यांनी हाच शब्द पुन्हा पुन्हा आणला. त्या काळी निजामी राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे मराठवाड्यातील मराठी भाषकाच्या कानावर एकाच कल्पनेसाठी मराठी ‘रांग’, उर्दू ‘कतार’ आणि इंग्रजी ‘लाइन’ असे तिन्ही शब्द पडत असत. म्हणून शब्दाचे आदान ही येथे नवी गोष्ट नाही.

५.२.३ अर्थविस्ताराच्या दिशा

‘लाइन’चे मराठीतील प्रमुख अर्थ पुढील पाच गटांत मांडता येतात.

(अ) आकारसाम्य : वहीत मारलेली लाइन (रेघ), निबंधाच्या चार लाइनी (ओळी), रेशन दुकानापुढची लाइन (रांग), मोसंबीच्या झाडांच्या लाइनी. अनेक वस्तू वा माणसे एकामागे एक आली की डोळ्यांपुढे रेघ उभी राहते. येथे अर्थविस्तार दिसण्यातील सारखेपणावर झाला आहे.

(आ) मार्ग आणि वाहिनी : रेल्वेची, विजेची, नळाची, ठिबक सिंचनाची, दूरध्वनीची लाइन. येथे रेघेवरून काहीतरी वाहते किंवा धावते. आकाराच्या अर्थात कार्याची भर पडली.

(इ) वाहिनीवरून वाहणारी वस्तू : ‘लाइन गेली’, ‘यंदा लाइन रात्रीची आहे’. तार जागच्या जागी असते. गेलेली असते ती वीज. वाहणाऱ्या वस्तूला वाहकाचे नाव मिळाले. दोन गोष्टींच्या नित्य संबंधामुळे एकीचे नाव दुसरीला देण्याच्या या व्यापाराला भारतीय शास्त्रात लक्षणा म्हणतात. ‘गाव जेवले’ यात गाव म्हणजे गावातील माणसे, तसेच हे.

(ई) जीवनमार्ग : ‘स्टीलच्या लाइनमध्ये आहे’, ‘मुलीने कॉमर्सची लाइन घेतली’. येथे रूपक आहे. आयुष्य हा प्रवास आणि व्यवसाय ही त्याची वाट, ही कल्पना ‘आडवाटेला लागणे’, ‘मार्गी लागणे’ या वाक्प्रयोगांत आधीपासून होतीच. ‘लाइन’ तिच्यात सामावली.

(उ) वर्तन : ‘लाइनीवर येणे’ म्हणजे सुधारणे. सरळ रेषा म्हणजे योग्य वागणूक, हे त्यामागील रूपक. येथे एक मौज पाहा. मराठीत चांगल्या सवयींना ‘वळण’ म्हणतात. पोराला वळण लावायचे असते आणि लाइनीवरही आणायचे असते. पहिल्यात वाकवणे आहे आणि दुसऱ्यात सरळ करणे, पण हेतू एकच. ‘लाइन मारणे’, ‘लाइन देणे’ हे प्रयोग तरुणांच्या बोलीतील असून प्रणयाचा संकेत सुचवतात. ‘सूत जमणे’ यात दोघांची संमती गृहीत आहे. ‘लाइन मारणे’ एकतर्फी असू शकते व त्यात उपद्रवाची छटा येते. अर्थाबरोबर अशी मूल्यछटाही नोंदवणे हे कोशकाराचे कर्तव्य असते.

या पाचही गटांना बांधणारा धागा दिसतो, म्हणून ‘लाइन’ हा समरूप शब्दांचा समूह नसून एक अनेकार्थी शब्द आहे.

काही ठिकाणी मात्र हा शब्द शिरलेला नाही, आणि तेही तितकेच बोधक आहे. जेवायला जमिनीवर रांगेने बसलेल्या माणसांची ‘पंगत’ असते, तिला कोणी लाइन म्हणत नाही. पण ताट हातात घेऊन उभे राहायची वेळ आली की ‘जेवणाला लाइन’ लागते. निंदणी करणाऱ्या बाईच्या वाट्याची ‘पात’ असते. जेथे मराठी शब्दामागे पक्का सामाजिक व्यवहार उभा आहे, तेथे आदान शब्दाला जागा मिळत नाही. व्यवहार बदलला की शब्दही बदलतो.

५.२.४ व्याकरणिक स्वीकार

इंग्रजीत या नामाला व्याकरणिक लिंग नाही. मराठीत ते स्त्रीलिंगी झाले, कारण त्याचे मराठी प्रतिशब्द रेघ, ओळ, रांग, तार हे सर्व स्त्रीलिंगी आहेत. अनेकवचन ‘लाइनी’, सामान्यरूप ‘लाइनी-’ (लाइनीत, लाइनीने) अशी रूपे ‘रेघ-रेघा’, ‘रांग-रांगा’ यांपेक्षा ‘जमीन-जमिनी’ या नमुन्याशी अधिक जुळतात. रांगेच्या अर्थी ‘लाइनीत’ आणि व्यवसायाच्या अर्थी ‘लाइनमध्ये’ असा कलही बोलण्यात आढळतो. आपल्या भागात तो कितपत खरा आहे, हे तुम्ही स्वतः तपासून पाहावे.

५.२.५ संदर्भ आणि अर्थनिश्चिती

संस्कृत परंपरेत याविषयी एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘सैंधव’ म्हणजे मीठ आणि सिंधू प्रदेशातील घोडाही. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीय’ ग्रंथात अर्थनिश्चितीची साधने सांगितली आहेत. त्यांत साहचर्य, प्रकरण (प्रसंग), अन्य शब्दाचे सान्निध्य, औचित्य, देश, काल आणि व्यक्ती (म्हणजे व्याकरणिक लिंग) यांचा समावेश आहे. ‘मान’चे अर्थ लिंगाने वेगळे होतात, हे आपण पाहिले. ‘लाइन’ सर्व अर्थांत स्त्रीलिंगीच असल्याने तेथे लिंग उपयोगी पडत नाही. शेजारचा शब्द (‘तिकिटाला’), क्रियापद (‘लागत नाही’), जागा आणि प्रसंग यांवर भिस्त ठेवावी लागते.

ही साधने अपुरी पडली तर काय होते? समजा, विहिरीवरची मोटार दुरुस्त करणारा माणूस पेटीजवळच्या सोबत्याला ओरडून विचारतो, “लाइन बंद केली का?” त्याला वीज अभिप्रेत आहे. सोबत्याने नुकताच पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद केला आहे. तो म्हणतो, “केली.” प्रश्न व्याकरणशुद्ध आहे, उत्तरही खरे आहे; आणि तरीही त्या उत्तरावर विसंबून तारेला हात लावणे प्राणावर बेतू शकते. शेतात विजेची आणि पाण्याची अशा दोन्ही लाइनी एकाच ठिकाणी येतात, त्यामुळे प्रसंग अर्थ निवडून देत नाही.

म्हणूनच जोखमीच्या व्यवहारांत अर्थ संकेताने बांधून टाकलेला असतो. ‘लाइन क्लिअर’ ही संज्ञा घ्या. रेल्वेत तिचा अर्थ पुढील टप्पा मोकळा असून गाडी सोडण्यास अनुमती आहे, असा होतो. वीजक्षेत्रात ‘लाइन क्लिअर’ मिळणे म्हणजे वाहिनीतील पुरवठा बंद करून तिच्यावर काम करण्याची परवानगी मिळणे. एकीकडे या शब्दांनी वाहतूक सुरू होते, दुसरीकडे ती थांबल्याची हमी मिळते. दोन्हीकडे ही संज्ञा त्या क्षेत्राच्या नियमांनी निश्चित केलेली असते; ऐकणाऱ्याच्या तर्कावर ती सोडलेली नसते.

यावरून मराठी पर्यायांच्या प्रश्नाकडेही नीट पाहता येते. रेघ, ओळ, रांग, पंगत, लोहमार्ग, वीजवाहिनी, जलवाहिनी असे शब्द मराठीत आहेत. ते वापरायचे ते केवळ परका शब्द टाळायचा म्हणून नव्हे. जे भेद ‘लाइन’ झाकून टाकते, ते हे शब्द उघड करतात, म्हणून सूचना, अर्ज, तक्रार आणि वृत्तलेखन यांत त्यांना प्राधान्य द्यावे. ‘लाइन बंद आहे’ या तक्रारीपेक्षा ‘वीजपुरवठा बंद आहे’ ही तक्रार अधिक लवकर योग्य टेबलावर पोचेल. घरगुती बोलण्यात, संवादलेखनात वा कथेतील पात्राच्या तोंडी मात्र ‘लाइन’च स्वाभाविक ठरते. महावितरणने ‘जनमित्र’ ही संज्ञा रूढ केली, तरी लोकांच्या तोंडी ‘लाइनमन’ टिकून आहे, हेही लक्षात घ्यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पुढील विधाने चूक की बरोबर ते सांगा.
(क) ‘मान’ (अवयव) आणि ‘मान’ (आदर) हे अनेकार्थतेचे उदाहरण आहे.
(ख) ‘लाइन गेली’ या प्रयोगात लक्षणा आहे.
(ग) ‘लाइन’चे विविध अर्थ मराठीत लिंगभेदाने वेगळे होतात.

२. एका वाक्यात उत्तर लिहा.
(क) ‘सैंधव’ या उदाहरणात अर्थ कशामुळे निश्चित होतो?
(ख) ‘पोलीस लाइन’ या नावात ‘लाइन’चा मूळ संबंध कशाशी आहे?

५.३ सारांश

एका शब्दाचे परस्परसंबद्ध अनेक अर्थ म्हणजे अनेकार्थता. ‘लाइन’ हा शब्द छावणी, रेल्वे, वीज, पाणी आणि दूरध्वनी यांच्याबरोबर मराठीत आला. आकारसाम्य, लक्षणा आणि रूपक या मार्गांनी त्याचे अर्थ विस्तारले. मराठीने त्याला स्त्रीलिंग आणि विभक्तिरूपे दिली. त्याचा अर्थ संदर्भाने ठरतो. संदर्भ दुबळा असेल तेथे नेमका शब्द योजणे ही बोलणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची जबाबदारी असते.

५.४ पारिभाषिक शब्द

अनेकार्थता : एका शब्दाला परस्परसंबद्ध अनेक अर्थ असणे.
समरूपता : भिन्न शब्दांचे रूप सारखे असणे.
लक्षणा : मुख्य अर्थाशी संबंधित दुसरा अर्थ सूचित करणारी शब्दशक्ती.
आदान शब्द : अन्य भाषेतून स्वीकारलेला शब्द.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

१. (क) चूक (ख) बरोबर (ग) चूक
२. (क) ‘सैंधव’चा अर्थ प्रकरणामुळे, म्हणजे बोलण्याच्या प्रसंगामुळे निश्चित होतो. (ख) सैनिकांच्या राहुट्या आणि घरे यांच्या रांगांशी या नावाचा मूळ संबंध आहे.

५.६ स्वाध्याय

१. ‘लाइन’च्या अर्थविस्ताराच्या दिशा सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘नंबर’ या शब्दाचे मराठीतील उपयोग (नंबर लावणे, चष्म्याचा नंबर, एक नंबर, दोन नंबरचा धंदा इत्यादी) घेऊन त्यांतील परस्परसंबंध शोधा.

क्षेत्रीय कार्य : तुमचे काम जेथे चालते, त्या ठिकाणी – दुकान, शेत, कार्यालय, कारखाना वा घर – एक आठवडाभर ‘लाइन’, ‘पॉइंट’ किंवा ‘लाइट’ यांपैकी एका शब्दाची वाक्ये ऐकून जशीच्या तशी टिपा. कोण, कोणाशी, कोठे बोलले याची नोंद करा, पण व्यक्तींची नावे लिहू नका. नंतर त्या वाक्यांचे ५.२.३ प्रमाणे गट पाडा. एखादे वाक्य कोणत्याच गटात बसले नाही, तर ते वगळू नका. त्यासाठी नवा गट करा आणि त्याचे कारण लिहा.