जुन्या जीपगाडीस रंग देण्यापूर्वीं

पावसाळा संपून सुगीचीं कामें आटोपलीं म्हणजे आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंस जुन्या जीपगाडीस रंग देण्याची आठवण होते. त्यांत अनुचित कांहींच नाहीं. परंतु गाडी थेट रंगाऱ्याच्या स्वाधीन करावयाची आणि ती चकचकीत होऊन आली म्हणजे समाधान मानावयाचें, अशी जी चाल पडली आहे तिजविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. असा रंग बहुधा पुढच्या पावसाळ्यांतच फुगतो, आणि दोष मात्र रंगाच्या डब्यास दिला जातो.

गंज चढण्यास लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं तिन्ही एकत्र यावीं लागतात. त्यांत क्षार मिळाल्यास ही क्रिया फार झपाट्यानें चालते. कोंकणांतील गाड्या लवकर कां कुजतात हें यावरून कळेल. परंतु देशावरच्या शेतकऱ्यानेंही निश्चिंत राहूं नये. म्युरेट ऑफ पोटॅश हें खत मिठासारखेंच क्लोराइड आहे, व अमोनियम सल्फेटही ओल्या पत्र्यास वाईटच. गोणींतून सांडलेले खडे रबरी चटईखालीं जातात, वरून पाणी मुरतें, आणि तो चिखल महिनोन्महिने तेथेंच राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो व सच्छिद्र असल्यामुळें ओल धरून ठेवतो. त्यावर रंग देणें म्हणजे शत्रूस घरांत कोंडून बाहेरून कडी लावणें होय.

तेव्हां प्रथम बॅटरीच्या तारा सोडाव्या, बैठका व चटया काढाव्या, आणि गाडी आंतबाहेर भरपूर पाण्यानें धुवावी. क्षार नुसत्या घासण्यानें जात नाहीं, तो पाण्यानेंच जातो. कडक उन्हांत ती वाळली म्हणजे पेचकसाच्या टोंकानें पत्रा टोंचून पाहावा. चाकांवरील कमानी, दारांच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा आणि जेथें पत्र्यावर पत्रा जोडला आहे ते सांधे, यांकडे विशेष लक्ष द्यावें. टोंक आरपार गेल्यास तेथें पुट्टी भरून वेळ मारून नेऊं नये; पुट्टी ओल शोषते. कुजका तुकडा कापून नवा पत्रा जोडणें हाच उपाय, आणि जवळपास वेल्डिंग करावयाचें असल्यास पेट्रोलची टाकी आधीं उतरवावी.

बाकीचा गंज पत्र्याचें उजळ अंग दिसेपर्यंत तारेच्या ब्रशानें व पॉलिश पेपरनें काढावा. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. म्हणून कागद ओला करून घासावा, नाकातोंडावर मास्क बांधावा व मुलांस दूर ठेवावें. घासून झाल्यावर पत्रा तत्काळ कोरडा करावा. खांचाखळग्यांत जो गंज उरतो त्यास फॉस्फरिक आम्लाचें तयार द्रावण हातमोजे घालून लावावें. तें गंजाचें लोहाच्या फॉस्फेटमध्यें रूपांतर करतें. पुढें तें धुवावयाचें कीं नाहीं याविषयीं डब्यावरील सूचना पाळावी. जाड पापुद्रे मात्र या द्रावणानें जात नाहींत. ते खरवडण्याचे कष्ट कोणासही चुकत नाहींत.

प्रायमरपूर्वीं पत्रा रॉकेलनें किंवा डिझेलनें पुसण्याची वहिवाट कित्येक ठिकाणीं दिसते. ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. मागें तेलकट थर राहतो, आणि त्यावर प्रायमर धरत नाहीं. थिनरमध्यें भिजविलेलें स्वच्छ फडकें वापरावें. उघडा पत्रा रात्रभर ठेवूं नये. हिंवाळ्यांत दंव पडून सकाळपर्यंत त्यावर तांबूस झांक येते. यास्तव दिवसांत जेवढा भाग खरवडून होईल तेवढ्यावर त्याच दिवशीं प्रायमर चढवावा. दोन भाग मिसळून तयार होणारा एपॉक्सी प्रायमर महाग खरा, परंतु ओल अडविण्यास उत्तम. रेड ऑक्साइड स्वस्त आहे. पण त्यावर वरचा रंग लवकर चढला पाहिजे. नुसता तांबडा प्रायमर लावून महिनाभर गोठ्याबाहेर उभ्या ठेवलेल्या गाड्या आम्ही पाहतों, त्यांचा पत्रा त्या थराखालीं पुन्हां गंजूं लागलेला असतो.

दारें पत्र्याचीं असल्यास त्यांच्या तळाशीं पाणी जाण्याचीं भोंकें असतात. रंगारी तीं कित्येकदां बुजवून टाकतात. रंग वाळल्यावर तीं तारेनें मोकळीं करावीं, आणि आंतील पोकळींत मेणयुक्त गंजरोधक तेल फवारावें, कारण तेथें ब्रश पोंचत नाहीं.