संन्याशाचे चातुर्मास्य आणि योगाचे पहिले अंग

योग म्हटला की आसने व प्राणायाम एवढेच आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. आसनांनी शरीर निरोगी राहते याविषयी वाद नाही. मुलांनी ती अवश्य शिकावीत. परंतु पतंजलींच्या योगसूत्रांतील साधनपाद उघडून पाहावा. त्यातील ५५ सूत्रांपैकी आसनाच्या वाट्यास अवघी तीन सूत्रे आली आहेत, आणि यमनियमांच्या विवेचनास सोळा. हे प्रमाण सहज पडलेले नाही, असे मला वाटते. अष्टांगांत यम पहिले, आणि पाच यमांत अहिंसा पहिली.

जाति, देश, काल व समय यांची मर्यादा ज्यांना नाही असे यम म्हणजे महाव्रत, असे सूत्रकार सांगतात. येथे 'समय' याचा अर्थ वेळ नव्हे, तर ठरविलेली अट. व्यासभाष्यातील उदाहरणे मोठी मार्मिक आहेत. कोळी मासे सोडून इतर कोणास मारीत नाही. त्याची अहिंसा जातीने मर्यादित झाली. तीर्थक्षेत्री मारणार नाही, ही देशाची मर्यादा. चतुर्दशीस मारणार नाही, ही कालाची. देवब्राह्मणांच्या कार्यावाचून मारणार नाही, ही समयाची.

आता आपल्या घरचे नियम पाहा. कांदेनवमीस कांद्याचा यथेच्छ समाचार घेऊन आपण आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण, वांगी वर्ज्य करितो, आणि कार्तिकी एकादशीची वाट पाहत राहतो! हे व्रत कालाने मर्यादित आहे. त्यास कमी लेखू नये, कारण प्रपंचात राहणाऱ्यास मर्यादेनेच आरंभ करावा लागतो. तथापि ते महाव्रत नव्हे.

संन्याशाची गोष्ट निराळी. संन्यास घेताना तो सर्व भूतमात्रांस अभय देतो, आणि त्या अभयास स्थळकाळाची सूट नाही. तो अग्नी बाळगीत नाही, म्हणून स्वयंपाक नाही, भिक्षेवर निर्वाह. एका गावी फार काळ राहिल्यास त्या गावाची ममता जडते, म्हणून त्याने फिरत असावे. परंतु पावसाळ्यात वाटेवर कोंब फुटलेले असतात, किडामुंगी बाहेर पडलेली असते. चालावे तर पायाखाली जीव सापडणार. म्हणून तो थांबतो. आषाढी पौर्णिमेस श्रीकृष्ण, व्यास व आचार्य यांच्या पंचकांची पूजा करून तो त्या स्थळी राहण्याचा संकल्प करितो. पक्षालाच मास मानण्याच्या परंपरेमुळे त्याचे चातुर्मास्य चार पक्षांचे, म्हणजे भाद्रपद पौर्णिमेपर्यंतचे असते. गृहस्थांचे चार महिने आणि स्वामींचे दोनच कसे, असे पुष्कळांना वाटते. त्याचे उत्तर हे आहे.

श्रीवासुदेवानंदसरस्वती टेंबेस्वामी यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सावंतवाडीनजीकच्या माणगावी १८५४ साली त्यांचा जन्म झाला. १८९१ मध्ये गंगाखेड येथे पत्नी निवर्तल्यावर त्यांनी संन्यास घेतला, आणि उज्जयिनीस श्रीनारायणानंदसरस्वतींकडून दंड स्वीकारला. पहिले चातुर्मास्य तेथेच झाले. पुढे हिमालयापासून दक्षिणेपर्यंत त्यांचा सारा संचार पायी. अशी २३ चातुर्मास्ये झाली. १९११ चे कृष्णेतील कुरवपुरास, आणि १९१३ चे अखेरचे नर्मदातीरी गरुडेश्वरास. स्वामी योगाभ्यासी होतेच. परंतु शास्त्राने घातलेले संन्याशाचे नियम त्यांनी प्रकृती बिघडलेली असतानाही सैल होऊ दिले नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्या योगाचे बळ तेथेच होते.

चातुर्मास्यात एखाद्या गावी यती राहिले म्हणजे त्या गावास प्रवचन, पाठ व शंकासमाधान यांचा लाभ घडतो. त्या वेळी कित्येक भाविक 'मोटार पाठवितो, पाद्यपूजा करून तासाभरात परत पोहोचवितो' असा आग्रह दुसऱ्या गावाहून धरतात. भाव चांगला असला तरी हा आग्रह धरू नये. ज्यास पाद्यपूजा करावयाची असेल त्याने तेथे जावे, अथवा भाद्रपद पौर्णिमेस सीमोल्लंघन होऊन स्वामींनी वेस ओलांडल्यावर त्यांस आपल्या घरी बोलवावे.