चौघींचं काम

सातारा, १२ सप्टेंबर

चि. सायली,


विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या रानात, लाकडी घरांत चार दिवस राहायचं, दुसऱ्यांनी रांधलेलं जेवायचं आणि दिवसभर शिवायचं-विणायचं, हे तुझ्या पत्रात वाचून मला फार आनंद झाला. अवश्य जा. मुलांना त्यांचा बाबा सांभाळेल. फक्त नीताच्या बाळाची गोधडी तिथेच सुरू करून तिथेच पुरी करण्याचा तुझा जो बेत आहे, तो सोडून दे.

गोधडीत काही काम एकटीचं असतं आणि काही चौघींचं. कापड निवडायचं, कापायचं, पाव इंच माया ठेवून तुकड्याला तुकडा जोडत वरचा थर करायचा, हे एकटीचं. त्यात रंगांचे निर्णय असतात. निळ्याशेजारी मातकट लावू की पिवळा, हे दहाजणींच्या बोलण्यात ठरवायला गेलीस तर जिचा आवाज मोठा तिच्या मनासारखी गोधडी होईल. पण वरचा थर, मधला उबेचा मऊ थर म्हणजे बॅटिंग आणि खालचं अस्तर एकावर एक सरळ बसवणं हे चौघींचं काम. घरी तू ते जमिनीवर रांगत करतेस आणि पाठीमागे अस्तराला हमखास सुरकुती राहते. तिथे लांब टेबलं मिळतील, हात मिळतील. अस्तर चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठं काप, उलट्या बाजूनं पसर, दोघींना ते ताणून धरायला सांग, कडा चिकटपट्टीनं टेबलाला लाव. ताण बेताचाच हवा, नाहीतर सोडल्यावर कापड आक्रसतं. मग मधोमध सुरुवात करून कडांकडे तळहाताएवढ्या अंतरावर पिना लावत जा. म्हणजे वरचा थर घरूनच जोडून न्यायला हवा. अजून महिना हातात आहे.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. तिकडच्या बायकांनी काम पूर्वापार असंच वाटून घेतलेलं आहे. वरचा थर आपापल्या घरी जोडायचा आणि टाके घालायला शेजारणींना बोलवायचं. मोठ्या लाकडी चौकटीवर गोधडी ताणली की चारी बाजूंनी बसून एकाच वेळी सगळ्यांचे हात चालायचे. अलाबामातल्या गीज बेंडच्या गोधड्यांबद्दल जाण्याआधी जरूर वाच. नदीच्या वळणावरचं, गुलामीतून सुटलेल्यांच्या वंशजांचं हे गाव. तिथल्या बायकांनी शेतात घालून विटलेल्या पँटी, फाटके शर्ट, जे हाताशी होतं ते जोडलं. गुडघ्यांवरची ठिगळं उसवली की खालचा न विटलेला गर्द निळा चौकोन दिसतो, तो त्यांनी तसाच दिमाखात वापरला. जोडणी जिची तिची, तिच्या एकटीच्या नजरेची. टाके मात्र मिळून. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयात या गोधड्या भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. हे सगळं दोन्ही प्रकारच्या कामांतून उभं राहिलं. नुसत्या एकटीच्या हुशारीतून नाही आणि नुसत्या घोळक्यातूनही नाही.

गप्पांत एक गोष्ट तुझ्या कानावर येईल: पळून जाणाऱ्या गुलामांना वाट कळावी म्हणून गोधड्यांवर सांकेतिक नक्ष्या घालत. १९९९ च्या एका पुस्तकामुळे ती सगळीकडे पसरली. इतिहासकारांना तिला आधार सापडलेला नाही. सांगणारीचं मन मोडू नकोस, पण मुलांना इतिहास म्हणून सांगूही नकोस. त्या बायकांचं खरं कर्तृत्व पुरेसं मोठं आहे.

विणकामालाही एकटीचं आणि चौघींचं हाच नियम लाव. संध्याकाळी शेकोटीपाशी बोलत बसायला साधं सुलट-उलट विणकाम ने, फिकट रंगाच्या लोकरीचं. लाकडी घरांत उजेड कमी असतो आणि गडद निळ्या लोकरीत गळलेला टाका दिसत नाही. जाळीची नक्षी न्यायचीच असेल तर दर काही ओळींनंतर सगळ्या टाक्यांतून सुती दोरा ओवून ठेव, म्हणजे चुकलं तर तिथपर्यंतच उसवावं लागेल. आणि जे पुस्तकातून समजत नाही, मोज्याची टाच वळवणं वगैरे, ते मुद्दाम अर्धवट ठेवून ने. ते दुसरीचे हात बघूनच येतं.

तू राहतेस त्याच राज्यात एलिझाबेथ झिमरमन राहायची. १९७४ मध्ये तिनं विणणाऱ्यांचं शिबिर सुरू केलं, पुढे तिच्या मुलीनं ते चालवलं. तिची शिकवण मला फार पटते: छापील नमुन्याची गुलाम होऊ नकोस, आपल्या हाताचं माप काढ. एक तुकडा विणून इंचाला टाके मोजायचे. इंचाला ५ टाके आणि छाती ४० इंच, तर २०० टाके हे पूर्ण शंभर टक्के. बाकीचं सगळं त्याच्या प्रमाणात. मनगटापाशी वीस टक्के, म्हणजे ४०. हा तुकडा विणून, धुऊन, वाळवूनच ने. तिथे कोणी मदतीला आली की पहिला प्रश्न तुझ्या टाक्यांच्या मापाचाच असेल.

आपल्याकडची गोधडी तिथे दाखवायला तू बिचकतेस, हे मला आवडलं नाही. ‘गरिबांचं पांघरूण’ असं सांगून तिची ओळख करून देऊ नकोस. बॅटिंग न घालता जुन्या लुगड्यांचे थरच कसे ऊब देतात, कडेनं सुरुवात करून धावदोरा आत आत कसा नेतात, ते शिवून दाखव. दुसरीच्या कामाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस, आणि कोणी विकत घेतलेल्या नमुन्याची झेरॉक्स मागू नकोस. तो आखणारीचं पोट त्यावर असतं.

रानातून फिरून आलीस की पायांवर, मानेवर गोचीड नाही ना, हे रोज बघ. त्या भागात ऑक्टोबरातही असतात.

आजीच्या लाल लुगड्याचा एक वार वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे. तो मशीनवर घालू नकोस, सूत जीर्ण झालंय. आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग जातो का बघ. जात असेल तर बाळाच्या गोधडीला लावू नकोस, तुझ्यासाठी ठेव.

तुझी,
मावशी