सांधे कोणी धरले?

मुलांनो, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही साताऱ्याला गेलो होतो. सकाळी पलंगावरून उठताना आजी म्हणाली, "आज सांधे धरलेत गं बाई." माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "कोणी धरले?" घरातले सगळे खो खो हसले. तीही हसली, पण मग दिवसभर आजीशी फारसं बोलली नाही. चूक तिची नव्हती. हा शब्द आम्ही तिला कधी दिलाच नव्हता. म्हणून परत आल्यावर मोठ्या मुलांच्या वर्गात दोन रविवार मी सांधे शिकवले. मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाला आहे. पण सांधा हे एक यंत्रच आहे आणि यंत्रं मला आवडतात. जे वर्गाला आले नाहीत त्यांच्यासाठी तो धडा इथे देत आहे.

दोन हाडं जिथे भेटतात तो सांधा. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण २०६ हाडं असतात. सगळेच सांधे हलतात असं मात्र नाही. कवटीची हाडं शिवण घातल्यासारखी एकमेकांत अडकलेली असतात. जन्मताना ती सुटी असतात, म्हणून बाळाचं डोकं बाहेर येताना थोडं दबू शकतं आणि पुढे मेंदूला वाढायला जागा मिळते. बाळाच्या डोक्यावर पुढच्या बाजूला मऊ लागते ती टाळू. तुमच्यापैकी कित्येकांची टाळू आजीने तेल घालून 'भरली' असेल. खरं म्हणजे हाडं वाढून दीड-दोन वर्षांत ती आपोआपच मिटते. (हे आजीला सांगायला जाऊ नका.)

हलणाऱ्या सांध्यांना मराठीत छान नावं आहेत. अडचण एवढीच की 'उखळीचा सांधा' म्हटलं तेव्हा वर्गात एकानेही उखळ पाहिलेलं नव्हतं! शेवटी घरून खलबत्ता नेला. बत्त्याचं गोल टोक खलात सगळीकडे फिरतं, तसं दंडाच्या हाडाचं गोल डोकं खांद्याच्या खोबणीत फिरतं. खुब्याचा सांधाही उखळीचाच. पण खुब्याची वाटी खोल आहे, खांद्याची उथळ. म्हणून हात डोक्यावर, पाठीमागे, कुठेही जातो; आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच. खुबा सहसा निखळत नाही, पण पाय तुम्ही हातासारखा गरगर फिरवून दाखवा पाहू! एकाच सांध्याकडून दोन्ही मिळत नाही.

कोपर आणि बोटांची पेरं म्हणजे बिजागरी, दारासारखी. गुडघाही बिजागरीच, पण वाकल्यावर थोडा पिळतोही. मान हलवून 'नाही' म्हणता तेव्हा मानेचा पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरतो, जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते तसा.

आता एक प्रयोग. टेबलावर तळहात घट्ट टेकवा. खांदा जागचा हलू देऊ नका. कोपर वर-खाली करून पाहा. तळहात तिथेच, खांदा तिथेच, तरी कोपर हलतं! हे कसं? हिशेब करू. खांदा तीन प्रकारे फिरतो, कोपर एका प्रकारे, हात उताणा-पालथा होतो तो एक, मनगटाचे दोन. एकूण ७. एखादी वस्तू हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात धरायला ६ पुरतात, म्हणून कारखान्यातल्या पुष्कळ रोबोंना ६ सांधे असतात. आपल्याकडे एक शिल्लक राहतो. फ्रिजमध्ये मागे लपवलेला लाडू पुढच्या बरण्या न पाडता काढता येतो तो याच शिलकीवर.

हाडांच्या टोकांना कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं आणि मध्ये वंगण. गुडघ्यातलं हे वंगण चहाच्या चमचाभरही नसतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण या वंगणातून होतं, आणि त्याला हालचाल लागते. आजीची कूर्चा झिजली आहे. रात्रभर पडून राहिल्यावर सांधे ताठरतात, थोडं चाललं की मोकळे होतात. हेच 'सांधे धरणं'.

बोटं मोडली की सांधे बिघडतात का, हा प्रश्न वर्गात तिघांनी विचारला. अमेरिकेतल्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांनी पन्नासहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. १९९८ साली त्यांनी कळवलं की दोन्ही हातांत संधिवात नाही! एका माणसाच्या हातावरून सिद्ध काही होत नाही, पण चिकाटीला दाद द्यायला हवी. (कोणाच्या 'नावाने बोटं मोडणं' मात्र वेगळं. अर्थ घरी विचारा.)

पालकांसाठी थोडं. पाय 'मुरगळला' म्हणजे हाडांना बांधणारे अस्थिबंध ताणले. 'निखळला' म्हणजे हाड जागेवरून सुटलं. निखळलेला सांधा स्वतः ओढून बसवू नका. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ वाढीच्या मऊ पट्ट्या असतात, आणि त्या पुष्कळदा अस्थिबंधांपेक्षा कच्च्या ठरतात. माझ्या मुलाचा घोटा मुरगळलाय असं समजून मी चार दिवस तेल चोळत बसलो; एक्स-रेमध्ये दुखापत निघाली ती त्या पट्टीला. पायावर भार देता येत नसेल किंवा हाडावर दाबून दुखत असेल, तर लगेच दाखवा.

परवा मुलीने फोनवर विचारलं, "आजी, आज कुठला सांधा धरलाय?" आजीने डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. वीस मिनिटांनी ती मानेपर्यंत पोचली होती.

गृहपाठ: धरणे, मुरगळणे, निखळणे, लचकणे. प्रत्येकी एक वाक्य, रविवारी वहीत आणा. खलबत्ता मी आणतो.