नकाशाच्या आधीची वही

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावच्या जागेत घर बांधायचं ठरलं, तेव्हा आर्किटेक्टचा पहिलाच प्रश्न होता, "टू बीएचके की थ्री?" त्याचं उत्तर द्यायच्या आधी आम्ही एक वही घातली. ती भरताना हाती लागलं ते इथे मांडते.

१. खोल्या मोजू नका, दिवस लिहा.
सकाळच्या चहापासून रात्री कडी लावेपर्यंत कोण कुठे बसतं, काय करतं, एवढंच लिहायचं. आमच्या वहीत दिसलं की हॉलमध्ये कोणी टेकतच नाही. भाजी निवडणं, पेपर, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा, सगळं दारात. मग हॉल आक्रसला आणि पुढची पडवी आठ फूट रुंद झाली.

२. यादी ज्याची त्याने करावी.
सगळ्यांनी एकत्र बसून केली, की ज्याचा आवाज मोठा त्याची यादी होते. सासूबाईंनी तीनच ओळी लिहिल्या. संडास पलंगापासून जवळ हवा. तिथे धरायला दांडा हवा. आणि पडल्यापडल्या बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, दिसेल अशी खिडकी, "कोण आलं ते कळायला नको?" मुलाच्या यादीत फक्त इंटरनेट होतं. पुण्याहून वर्षातून दोनदा येणाऱ्याने आणखी काय मागायचं म्हणा!

३. गणपतीचं काय, ते आधीच ठरवा.
कोकणातल्या घराचा खरा वाद इथे असतो. एरवी तीन माणसं, चतुर्थीला पंचवीस. त्या पाच दिवसांसाठी दोन गेस्टरूम बांधल्या, तर उरलेलं वर्ष त्या झाडायच्या कोणी? दमट हवेत बंद खोलीतल्या गाद्यांना बुरशी येते, ते वेगळंच. आमच्यात यावर कडाक्याचं भांडण झालं. मोठ्या दिरांना "आलेल्याला स्वतःची खोली हवी" असं वाटत होतं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. सुना-नातवंडांना आडोसा लागतोच. जुन्या घराकडे पाहिल्यावर तोड निघाली. तिथे ओटी, माजघर, पडवी यांत माणसं मावायची, कारण कुठलीच जागा एकाच कामाला बांधलेली नव्हती. आम्ही खोली एकच वाढवली, माजघर सलग मोठं ठेवलं, भिंतीत गाद्यांची खोल फडताळं केली आणि मागच्या बाजूला जादा न्हाणीघर काढलं. पाहुण्यांची खरी अडचण झोपण्याची नसते, सकाळच्या रांगेची असते.

४. जागा जुलैत बघा.
मे महिन्यात कुठलीही जागा गुणी दिसते. पाणी वरच्या आगरातून कुठून उतरतं, कुठे तुंबतं, नैऋत्येची झड किती आत येते, हे भर पावसात छत्री घेऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या जोत्याची उंची त्या एका सकाळी ठरली, आणि बेडरूमची मोठी खिडकी पश्चिमेकडून उत्तरेला गेली. समुद्र दिसला नाही तरी चालेल, अंथरूण कोरडं पाहिजे.

५. फोटो आवडला तर तो कुठला आहे ते विचारा.
मोबाइलमधली सपाट छपराची पांढरीशुभ्र घरं कोरड्या हवेत शोभतात. आपल्याकडे दोन पावसाळ्यांत भिंती हिरव्या-काळ्या होतात. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार केरळात घरं बांधणारे लॉरी बेकर आवर्जून सांगत. आमच्या पाच मैलांत चिऱ्याची खाण होती. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उन्हावाऱ्याने घट्ट होतो. बाहेरून गिलावा न करता फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरल्या. कौलाचं उतरतं छप्पर, पुढे तीन फुटांची वळचण. याला नातेवाईक 'जुनाट' म्हणाले. म्हणोत.

६. 'पुढे बघू' याला तारीख घाला.
वरचा मजला कधीतरी चढवू, म्हणून स्लॅबवर कॉलमच्या सळ्या उघड्या सोडलेली घरं गावोगाव दिसतात. खाऱ्या हवेत त्या गंजून फुगतात आणि खालचं काँक्रीट फोडतात. वर कोण राहणार त्याचं नाव वहीत लिहा. नाव सुचत नसेल तर मजला नको.

७. टेप घेऊन पाहुणे म्हणून जा.
मोकळ्या जमिनीवर फक्कीने आखलेली खोली नेहमी लहानच दिसते, आणि माणूस घाबरून दोन फूट वाढवतो. त्यापेक्षा ज्यांच्या घरी बसायला बरं वाटतं, त्यांची खोली मोजावी. दहा बाय दहात सहा फुटी पलंग आणि दोन फूट खोल कपाट ठेवलं, की चालायला दोनच फूट उरतात, हे तिथे गुडघ्याला कळतं. यजमान जरा चमकतात. चहा होईपर्यंत उरकावं.

८. वहीची एक प्रत मिस्त्रीलाही द्या.
नकाशात खिडकीची मापं असतात, ती तिथे का आहे ते नसतं. आमच्या मिस्त्रीने सासूबाईंची ओळ वाचली आणि खिडकीचा उंबरा नकाशापेक्षा सहा इंच खाली घेऊ का म्हणून फोन केला. पलंगाची उंची धरून त्याचंच बरोबर होतं.