पैरा कधी फिटतो?

प्रश्न : मिरजगावात माझं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. गेल्या वर्षभरात उद्योजकांच्या तीन मेळाव्यांना गेलो. दीडशे कार्डं जमली, पाच-सहा व्हॉट्सॲप ग्रुपांत आलो. त्यातल्या एकाशीही आज बोलणं नाही. उलट आजोबा ज्या अडत दुकानात माल घालायचे, तिथेच आमचा माल आजही जातो; ही तिसरी पिढी. आजोबांनी आयुष्यात कार्ड पाहिलं नव्हतं. मग हे नातं टिकलं कशाने? आणि तसं आज मुद्दाम जोडता येतं का?
– एक वाचक, मिरजगाव (ता. कर्जत)

उत्तर : आजोबांनी कार्ड पाहिलं नसेल, पण पैरा नक्की केला असेल. मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सापडतं.

दावणीला एकेकच बैल असलेले दोघे शेतकरी एकत्र येऊन जोडी जुंपायचे. आज तुझं रान, उद्या माझं. ज्वारीच्या काढणीला माणसांचाही असाच पैरा होई. कुठे त्याला सावड म्हणतात, कुठे वारंगुळा. (इर्जिक वेगळी. तिथे सगळ्यांनी औतं आणून एकाचं रान उरकायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं.) आता काढणीचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. तुमच्या मुरमाड रानातली कमरेएवढी ज्वारी ओढली की हातात येते. शेजाऱ्याच्या काळ्या, भेगाळलेल्या जमिनीत तेच ताट मुळासकट निघायला दोन हिसके द्यावे लागतात आणि दुपारपर्यंत तळहात सोलून निघतात. म्हणजे दिवसाला दिवस देऊनही हिशेब बरोबरीचा होत नाही. दोघांनाही ते कळतं, दोघेही बोलून दाखवत नाहीत. थोडं देणं इकडे राहतं, थोडं तिकडे. पुढच्या सुगीला पुन्हा एकमेकांच्या बांधावर जायचं, ते त्या राहिलेल्या देण्यापायीच.

अडत दुकानाचंही तसंच. माल उतरला, लिलाव झाला, हमाली-तोलाई कापून पट्टी हातात पडली, की व्यवहार संपला. एवढ्यावर कोणी कोणाला धरून राहत नाही. शेजारचा गाळा चार पैसे जास्त देईल तर माल तिकडे जाईल. घरातल्या थोरल्या माणसांना एकदा विचारा : १९७२ च्या दुष्काळात रानात काही पिकलं नव्हतं, दुकानात उतरवायला माल नव्हता, तेव्हा त्या अडत्याने आजोबांना बसायला जागा दिली होती का? आणि पुढे पिकलं, दुसरीकडे भाव चढा होता, तेव्हा आजोबांनी पहिलं पोतं कुठे नेलं? तीन पिढ्यांचं मूळ अशाच एखाद्या वर्षात निघेल, असा माझा अंदाज आहे.

मात्र जुनं नातं म्हणजे चांगलंच नातं, हे मला मान्य नाही. ‘उचल आमची घेतलीस, आता माल आमच्याकडेच आण, भाव आम्ही म्हणू तो’ हाही जुनाच संबंध, आणि तोही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध उठाव सुरू झाला आणि नगर जिल्ह्यातही, तुमच्या शेजारच्या श्रीगोंद्याकडेही पसरला. शेतकऱ्यांनी कर्जखतं हिसकावून घेतली, जाळली. अखेर १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या सावकारांची आणि कुळांची ओळख काही कालची नव्हती. पण वही एकाच्याच हातात होती आणि बाकी नेहमी दुसऱ्याच्याच नावावर निघत होती. तेव्हा तुमच्याकडून उधारीवर नळ्या नेणारा शेतकरी पुन्हा तुमच्याच दारात येतो तो भरवशाने की अडकला म्हणून, हे स्वतःला अधूनमधून विचारत जा.

आता, मुद्दाम जोडता येतं का? येतं, आणि त्याचा दाखला तुमच्याच जिल्ह्यात आहे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील फार शिकलेले नव्हते. १९२३ मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी उभी केली. तिकडे पुण्यात धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकून आलेले अर्थशास्त्रज्ञ, गोखले संस्थेचे प्रमुख. १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, बागायतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना असावा, या विचाराने तिथून जोर धरला. विखे पाटील गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा करू लागले. १९५० च्या अखेरीला प्रवरानगरला पहिला गळीत हंगाम सुरू झाला आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले गाडगीळ. पतपेढीपासून इथवर २७ वर्षं गेली होती. असा कारखाना पैसे देणाऱ्या शेतकऱ्याने कधी पाहिला नव्हता, पण पैसे मागायला आलेल्या माणसाचा हिशेब त्याने पाहिला होता. आणि हे दोघे एकाच गावचे, एकाच पेशाचे असते तर एकमेकांना देण्यासारखं त्यांच्याकडे काय असतं? एकाच्या मागे गावांचा विश्वास होता, दुसऱ्याकडे अर्थशास्त्र आणि सरकारदरबारी वजन.

म्हणून मेळाव्यांना गेलात ते चुकलं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं, की ही ओळखीची व्यक्ती तुम्हाला त्या सुमारास किती वेळा भेटायची? १९७३ मध्ये त्यांनी मांडलेले आकडे असे : नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून काम झालेले शंभरात जेमतेम १७. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा माणूस उपयोगी पडला. घरच्यांना आणि जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. लांबची बातमी लांबचाच माणूस आणतो. तुमचं गाव तर नगर-सोलापूर रस्त्यावरचं. ही गोष्ट तिथल्या चहावाल्यालाही पटेल.

चुकलं ते दुसरीकडे. माधवराव भिडे यांनी २००० साली मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब सुरू केला. त्याआधी १९८५ मध्ये अमेरिकेत आयव्हन मिझनर यांनी बीएनआय काढलं होतं. अशा मंडळांत तीच माणसं ठरल्या दिवशी पुन्हापुन्हा भेटतात. आठवडी बाजारच तो. तीन मेळाव्यांत तीन वेगळ्या गर्दींशी हात मिळवून पैरा कसा बसणार?

दीडशे कार्डांतली दहा निवडा, ज्यांचं काम तुमच्या कामाला लागून आहे अशांची : बोअरवाला, मोटार वायंडिंगवाला, विद्राव्य खतं ठेवणारा. आणि आधी तुम्ही गिऱ्हाईक पाठवा. एप्रिलमध्ये एखाद्याची मोटार जळाली आणि लिंबाची बाग पाण्यावाचून उभी असली, तर नुसता नंबर देऊ नका. त्याच्यासमोर फोन लावा : “दादा, यांची बाग सुकतेय. उद्या दुपारपर्यंत होईल का? होणार नसेल तर आत्ताच सांगा.” दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः विचारा, मोटार बसली का. ज्याच्या कामाची खात्री नाही त्याचं नाव मात्र पुढे करू नका, मग तो तुम्हाला कितीही गिऱ्हाइकं पाठवत असो.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. एका कारागिराचं नाव मी संकोचापोटी पुढे केलं आणि तो काम अर्धवट टाकून निघून गेला. ज्यांना नाव सुचवलं होतं त्यांच्याकडे मी लाजेने आठ दिवस फिरकलो नाही. फसलेलं काम ते लवकरच विसरले. मी आठ दिवस आलो नाही, हे त्यांना बरीच वर्षं आठवत होतं. तेव्हा तुमची नळी गळाली, जोडणी चुकली, तर शेतकऱ्याचा फोन यायच्या आत त्याच्या बांधावर जा.

गल्ल्याशेजारी एक साधी वही ठेवा. डाव्या पानावर आपल्याकडे कोणी कोणाला पाठवलं, उजव्या पानावर आपण कोणाला कुठे पाठवलं. बरोबरी करायची म्हणून ती लिहू नका. फक्त एखाद्याचं देणं फार दिवस आपल्याच अंगावर राहिलंय का, तेवढं बघा. पावसाळ्यात ठिबकचं दुकान थंड असतं, तेव्हा त्याच्याकडे काही काम नसताना जाऊन बसा.

आणि या खेपेला माल नसतानाच एकदा त्या अडत दुकानात जा. जुन्या वह्या पोटमाळ्यावर अजून असतील, तर आजोबांच्या खात्याचं पान काढून दाखवायला सांगा. काय सापडलं ते मला नक्की कळवा.